तीन चिपचा कॅमेरा आणि लोकांची लग्नं

लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे कापून टाकलेलं शूटिंग आणि दुसरं म्हणजे किस्से. शूटिंगचं एक बरं असतं, कॅसेट पुसून त्यावर दुसऱ्याची मुंज घेता येते. किस्से पुसले जात नाहीत! चार जण चहाला बसले की कुठलातरी एक सुरू होतो, आणि मग बाकीचे 'माझं राहिलं, माझं राहिलं' करत मागे उभेच.

मी या धंद्यात आले ती भांडायला. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या खाली बाळकुमच्या मोरेश्वर पाटलांनी व्हिडिओ शूटिंगचं दुकान टाकलं. ठाण्यात तेव्हा अशी दोन-तीनच. एक दिवस भर दुपारी एकच मंगलाष्टक सात वेळा लागलं. आठव्यांदा लागलं तशी मी खाली गेले.

"अहो पाटील, त्यांचं लग्न एकदाच लागलं ना? मग आम्हाला किती वेळा ऐकवणार?"

मोरेश्वर दोन टीव्हींच्या मधे घामाघूम होऊन बसलेले. म्हणाले, "वहिनी, राग नका धरू. कुठं कापायचा तेच मना समजत नाय."

मी म्हटलं, "'सावधान' म्हणाले की कापा. त्यात काय एवढं!"

त्यांनी कापलं. बरोबर बसलं. ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "बसा."

मी त्या खुर्चीत सोळा वर्षं बसलेले.

*

आमचा पहिला कॅमेरा दोन तुकड्यांत होता. कॅमेरा खांद्यावर, आणि कॅसेट फिरणारा रेकॉर्डर वेगळा, एका जाड बॅगेत. दोघांच्या मधे जेमतेम दीड मीटरची केबल. म्हणजे शूटिंगला माणसं दोन लागणार आणि ती एकमेकांना बांधलेली असणार!

बॅग उचलायला लिमयेकाका होते. आमच्याच बिल्डिंगमधले, शाळेतून निवृत्त झालेले सायन्सचे मास्तर. फोटोग्राफीचं भयंकर वेड. "मला फक्त यंत्र जवळून पाहायचे आहे," असं शुद्ध बोलून ते दहा किलोची बॅग गळ्यात घालून हिंडायचे.

एका लग्नात सप्तपदी चाललेली. नवरा-नवरीच्या मागे मोरेश्वर एक पाऊल टाकायचे, की केबल ताणली जायची, की लिमयेकाकांना एक पाऊल टाकावं लागायचं. असं करत करत यांचीही सातच्या सात झाली. गुरुजी शांतपणे म्हणाले, "झालं. आता चौघांनीही वडीलधाऱ्यांना नमस्कार करा!"

सगळा हॉल हसला. दुसऱ्या कोणीतरी काढलेला त्या प्रसंगाचा फोटो पुढे लिमयेकाकूंच्या हातात पडला. त्यांनी तो नीट बघितला आणि काकांना म्हणाल्या, "बत्तीस वर्षांत माझ्याबरोबर कधी इतकं जवळून चालला नाहीत!"

*

मग एका तुकड्याचा कॅमेरा आला. पण त्या काळच्या कॅसेटला एक खोड होती. लाल रंग जागेवर राहायचा नाही. जिथे आहे तिथून सांडल्यासारखा बाजूला पसरायचा. आणि आपल्या लग्नांत तर सगळं लालच! शालू लाल, कुंकू लाल, खुर्च्यांची कव्हरं लाल.

डोंबिवलीच्या एका घरचं लग्न होतं. नवरी लालभडक शालूत, नवरा मोतिया रंगाच्या कुडत्यात. कॅसेट तयार झाली तेव्हा नवऱ्याची अख्खी डावी बाही गुलाबी दिसत होती. मोरेश्वरांचा चेहरा पडला. आता हे लोक कॅसेट परत आणणार! मी रंग कमी करून बघितला, तर नवरीच आजारी दिसायला लागली. शेवटी तशीच घेऊन गेलो. त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसं टीव्हीसमोर बसलेली. गुलाबी बाही आली.

नवरीची आजी पुढे सरकली. "अगंबाई! नवरीचा रंग लगेच लागला की नवऱ्याला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नवरा लाजला. बाहेर आल्यावर मोरेश्वर मला हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या टायमाला अजून थोडा पसरवू काय?"

*

मिक्सिंगवाल्याचा एक वेगळाच त्रास असतो. तो कुठल्याच लग्नाला जात नाही, पण त्याला सगळे ओळखीचे वाटतात. एकेक चेहरा दोन-दोन आठवडे बघितलेला असतो ना!

एकदा भाजी घेत होते. शेजारी एक बाई गवार निवडत होत्या. मी अगदी मैत्रिणीसारखं विचारलं, "काय, सून रुळली का?"

बाई दचकल्या. "तुम्ही कोण? लग्नाला होतात?"

"छे, लग्नाला नव्हते. तुमच्या कॅसेटचं मिक्सिंग केलं मी."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग आजूबाजूला बघून, माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मी तिसऱ्यांदा श्रीखंड घेतलं ते..."

"कापलं!"

"नक्की ना?"

त्यानंतर त्या भेटल्या की दरवेळी माझी विचारपूस करायच्या. इतकी आपुलकी मला सख्ख्या जावेकडूनही मिळाली नाही.

*

सिद्धार्थ आमच्याकडे आला तो कॅसेट परत करायला. हा किस्सा हसण्यासारखा नाही, पण याच्याशिवाय पुढचं काही झालंच नसतं.

कल्याणचा मुलगा, पंचवीस-सव्वीसचा. फोटो धुण्याच्या लॅबमध्ये नोकरीला. त्याच्या बहिणीचं लग्न शहाडला एका हॉलमध्ये झालेलं, बौद्ध पद्धतीनं. शूटिंग मोरेश्वरांनी केलेलं आणि मिक्सिंग मी. तो आला, शांतपणे कॅसेट टेबलावर ठेवली. "ताई, लावून बघा."

लावली. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कपड्यांत, मागे पाहुण्यांमध्येही पांढरंच पांढरं. आणि त्या पांढऱ्यामध्ये चेहरे म्हणजे नुसत्या सावल्या. नाक नाही, डोळे नाहीत. मी मिक्सिंग करताना बघितलं होतं हे, खोटं कशाला बोलू. 'उजेड कमी असेल' म्हणून पुढे गेले होते.

तो बोट ठेवून म्हणाला, "ही माझी बहीण. हसतेय. मला माहितीये म्हणून सांगतोय, तुम्हाला दिसणार नाही."

मोरेश्वर म्हणाले, "अरे बाबा, कॅमेरा ऑटो हाय. उजेड तोच ठरवतो. मी काय करनार?"

"ऑटोला काय माहीत, आमच्याकडे पांढरं नेसतात ते!"

मग तोच समजावायला लागला. समोर पांढरं जास्त असलं की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फार झाला. तो आपला डोळा बारीक करतो, आणि चेहरे काळे पडतात. तेव्हा माणसानं हातानं तो डोळा उघडायला हवा. आमच्या कॅमेऱ्यावर तसं बटण होतंही! मोरेश्वरांनी पाच वर्षांत त्याला बोट लावलेलं नव्हतं.

मोरेश्वर उठले. मला वाटलं, आता बाचाबाची होणार. तर ते हात जोडून म्हणाले, "चुकला माजा. पुढल्या रविवारी उल्हासनगरला असंच लगीन हाय. तू ये नि कॅमेरा तूच धर."

तो रविवारी गेला. त्या कॅसेटमध्ये नवरीच्या गालावरचा तीळसुद्धा दिसत होता. पुढच्या महिन्यापासून सिद्धार्थ आमचाच झाला. त्याच्या बहिणीचा हसरा चेहरा मात्र त्या कॅसेटमध्ये काही केल्या आला नाही. मी चार दिवस प्रयत्न केलेला.

*

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिजिटलची साथ आली. डोंबिवलीत तर ज्याच्या त्याच्या पाटीवर 'डिजिटल शूटिंग' रंगवलेलं. कॅमेरे जुनेच, पाटी तेवढी नवी! पण गिऱ्हाईक पाटी वाचतं. आमच्या दोन-तीन तारखा डोंबिवलीकडे गेल्या, तेव्हा मोरेश्वर खरोखरच हादरले.

त्याच सुमारास एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी चौकशीला आले. खुर्चीत बसताबसताच विचारलं, "डिजिटल म्हणजे काय हो नेमकं?"

लिमयेकाकांना हाच प्रश्न हवा असायचा. त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. चित्राचे ठिपके कसे होतात, ठिपक्यांचे आकडे कसे होतात, कॉपीची कॉपी काढली तरी आकडे कसे झिजत नाहीत, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "थोडक्यात, कॅसेटमध्ये चित्र नसतेच. असतात ते केवळ आकडे."

गृहस्थ गंभीर झाले. "ते ठीक आहे. पण मुलीचं लग्न झालंय एवढं दिसेल ना?"

*

अखेर डिजिटल कॅमेरा घ्यायचाच असं ठरलं. एकच घेता येणार होता, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं. चौघंही मुंबईला फोर्टात गेलो. मोरेश्वरांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, काकांनी भिंग घेतलेलं, आणि मी एका पिशवीत माझा लाल शालू, आईची पैठणी आणि एक पांढरं स्वच्छ पातळ.

दुकानदारानं पहिला कॅमेरा काढला तो तळहातावर मावेल एवढा, आणि दुकानातल्या टीव्हीला जोडला. "मॅडम, इसका झूम देखो! चारशे पट!"

मोरेश्वर खूश. त्यांनी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगवर धरला आणि झूम दाबत गेले. आधी खिडकी आली. मग खिडकीतला माणूस. मग त्याचं नाक. मग टीव्हीवर नुसते चौकोन चौकोन.

"ही काय रांगोळी काढली काय?"

काकांनी खुलासा केला, "मोरेश्वर, भिंगाचा झूम वीस पटच आहे. पुढचे सगळे नुसते चित्र ताणणे. चपातीचे पीठ वाढवायचे नाही, लाटतच जायचे, तसे."

दुकानदारानं दुसरा काढला. हा जरा मोठा, किमतीनंही मोठा. "इसमें तीन चिप है. लाल, हिरवा, निळा, हर एक का अलग." मी लगेच पिशवी उघडली. शालू काउंटरवर पसरला, त्याच्या शेजारी काकांचा पांढरा रुमाल. पहिल्या कॅमेऱ्यात शालूची कड रुमालावर थोडी का होईना ओघळत होती. दुसऱ्यात लाल संपला तिथे संपला. मग पैठणी. पहिल्यात काठाची जर नुसती चमचमत होती, सोनेरी पट्टा असावा तशी. दुसऱ्यात मोर दिसले. मोरांचे डोळे दिसले!

मग मी पांढरं पातळ काढलं आणि सिद्धार्थच्या खांद्यावर टाकलं. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं जमा झाली. दुकानदार कासावीस. "मॅडम, ये साडी का दुकान नहीं है!"

पहिला कॅमेरा सिद्धार्थवर धरला. चेहरा काळवंडला. दुकानदार घाईनं म्हणाला, "कोई बात नहीं, इसमें एक बटन है. दाबा की स्किन गोरी होते. शादीवाले सगळे हेच मागतात." त्यानं बटण दाबलं. टीव्हीवर सिद्धार्थ पिठात पडल्यासारखा दिसायला लागला.

सिद्धार्थ टीव्हीकडे बघत म्हणाला, "गोरी नको. आमची आहे तीच दिसू दे."

मग त्यानं तो तीन चिपचा कॅमेरा मोरेश्वरांच्या हातात दिला आणि स्वतः पातळ घेऊन उभा राहिला. मोरेश्वरांनी ऑटो बंद केलं. भिंगाजवळची छोटी कडी अंगठ्यानं हळूहळू फिरवली. पांढरं पांढरंच राहिलं, आणि त्याच्यावर सिद्धार्थचा चेहरा उमटत आला. सावळा, नितळ, डाव्या भुवईवरच्या जुन्या खुणेसकट.

मोरेश्वर म्हणाले, "ह्यो बांध."

दुकानदारानं कॅमेरा बांधायला घेतला. मी शालूची घडी घालत होते, तर एक अनोळखी बाई हळूच विचारते कशी, "पैठणी कितीला दिली हो यांनी?"

*

कॅमेरा चांगला घेतला हे आम्हाला कळलं. लोकांना कळेना! कारण तो लहान दिसायचा. खांद्यावर मोठा डबा नसला की लोकांना वाटायचं, फसवलं. ठाण्यातल्या एका मोठ्या लग्नात नवऱ्याचे मामा सरळच म्हणाले, "हे खेळणं घेऊन आलात? आमचा मोठा कॅमेरा कुठाय?"

मोरेश्वरांनी मान डोलावली. पुढच्या लग्नापासून जुना, बंद पडलेला मोठा कॅमेरा स्टँडवर लावून स्टेजसमोर मधोमध उभा करायला लागले. त्याचा लाल दिवा तेवढा चालू होता. सिद्धार्थ बाजूला फिरून छोट्या कॅमेऱ्यानं खरं शूटिंग करायचा. सगळे खूश!

त्याचा फायदा असा झाला की ज्यांना कॅमेऱ्यात यायचंच असतं ते सगळे मोठ्या कॅमेऱ्यासमोर गर्दी करायचे, आणि बाकीचं लग्न आम्हाला मोकळं मिळायचं. एका लग्नात तर नगरसेवकपदाला उभं राहायच्या तयारीत असलेले एक काका त्या मेलेल्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि वधूवरांना आशीर्वाद देतादेता पाणी, गटार आणि रस्ते या विषयांवर वीस मिनिटं बोलले. घाम पुसून मोरेश्वरांना विचारलं, "आलं ना व्यवस्थित?"

मोरेश्वर म्हणाले, "साहेब, एक शब्द कापनार नाय!"

*

आणि क्वालिटीचंही एक सांगते. आपण म्हणतो, चित्र स्पष्ट हवं. पण कोणाचं, तेही बघावं लागतं.

डिजिटलवरचं पहिलंच मोठं लग्न, डोंबिवलीचं. कॅसेट बघून मी स्वतःवर इतकी खूश होते! गजऱ्यातली कळी न कळी मोजता येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची आई दुकानात हजर. चेहरा उतरलेला. मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं राहिलं. कन्यादान? मंगळसूत्र?

"राहिलं काहीच नाही हो," त्या म्हणाल्या. "उलट सगळंच आलंय! हा चेहऱ्यावरचा मेकअप कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते तेसुद्धा आलंय. थोरल्याच्या लग्नात तुम्हीच केलेलं ना शूटिंग? त्यात मी किती बरी दिसत होते!"

"अहो, तो जुना कॅमेरा होता. त्यात एवढं बारीक दिसायचं नाही."

त्यांनी पर्समधून कॅसेट काढून माझ्यापुढे सरकवली. "मग जरा क्वालिटी कमी करून द्या ना!"

करून दिली. त्यांना पाच कॉपी हव्या होत्या.

*

चेंदणी कोळीवाड्यातले हरिश्चंद्र एक जुनी कॅसेट घेऊन आले. खाडीवर मासेमारी करणारं घर. त्यांचे वडील जाऊन सहा वर्षं झालेली. वडिलांचा फोटो म्हणावा असा घरात एकही नव्हता. पण कुठल्याशा पुतण्याच्या हळदीत ते नाचले होते, आणि ते आठ-दहा सेकंद कॅसेटमध्ये होते. खूप जुनी कॅसेट, चार हातांतून कॉपी होत आलेली. माणूस म्हणजे एक हलता पिवळा धूर. त्यात वर केलेले दोन हात.

"डिजिटल करून द्या," हरिश्चंद्र म्हणाले. "आयेला तेंचा तोंड एकदा साफ बगाचाय."

आम्ही समजावलं, जे कॅसेटवर आलंच नाही ते डिजिटल तरी कुठून आणणार? पण माणूस इतका आशेनं आला होता की आम्ही बसलोच. मी, सिद्धार्थ आणि लिमयेकाका, अख्खे दोन दिवस. पिवळा कमी केला. एकेक चित्र थांबवून बघितलं. त्यातल्या त्यात एक बरं निघालं, मान कॅमेऱ्याकडे वळलेली असतानाचं. त्याच्या कडा ठळक केल्या, उजेड-अंधार वाढवला. धुरातून कपाळ आलं, मिशी आली, डोळ्यांच्या जागा आल्या. काका म्हणाले, "यापुढे गेलो तर आपण माणूस शोधत नाही, बनवत आहोत." तिथे थांबलो.

हरिश्चंद्र आईला घेऊन आले. सत्तरीच्या पुढची, ताठ बसणारी बाई. केसांत फूल माळलेलं. वर्षानुवर्षं सगळं धूसरच बघितलेली, आदल्याच वर्षी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे डोळ्यांवर नवा कोरा जाड चष्मा. जन्मात पहिलाच. मी टीव्ही लावला. ते थांबवलेलं चित्र आलं.

म्हातारीनं बराच वेळ बघितलं.

"ह्यो कोन?"

"आये, बाबा ना!" हरिश्चंद्र म्हणाले.

"नाय. ह्यो कोन दुसराच हाय. मी याला नाय वलखत."

आमचे चेहरे उतरले. हरिश्चंद्र समजावायला लागले, हे बघ कपाळ, ही बघ मिशी. ती मान हलवत राहिली. शेवटी मला काही सुचेना म्हणून मी जुनी कॅसेट, होती तशी, लावून दिली. पिवळा धूर आणि त्यात वर केलेले दोन हात.

म्हातारी पुढे झुकली. डोळे बारीक केले. पुन्हा मागे झाली.

"आये, चष्मा नीट लाव," हरिश्चंद्र म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी चष्मा काढला, मिटला आणि मांडीवर ठेवला. मग टीव्हीकडे बघितलं, आणि अंगावरचा पदर सारखा केला.

"हां," ती म्हणाली. "ह्योच."